पापुद्र्याची मागची बाजू

डब्यातल्या भाकरीचा दुसरा तुकडा पुढच्या दातांनी तोडताना सुभद्राबाईच्या तोंडात काहीतरी सुटलं. दुखलं नाही. जिभेवर एक बारीक, टणक कण आला. भाकरीत खडा लागावा तसा, पण खडा नव्हे हे तिला लगेच कळलं. वरच्या मधल्या डाव्या दाताला बसवलेलं पांढरं सिमेंट निघालं होतं. एका वर्षात तिसऱ्यांदा. शेजारी जेवायला बसलेल्या बायका गॅसच्या सिलिंडरबद्दल बोलत होत्या. त्यांच्याकडे पाठ करून तिने पदर तोंडाशी धरला आणि तुकडा तळहातावर काढला. लोखंडावर निकलचा मुलामा चढवणाऱ्या चिखलीतल्या त्या वर्कशॉपच्या मागच्या ओट्यावर मार्चचं ऊन पत्र्यावरून खाली उतरलं होतं. बाटलीतल्या पाण्याने तिने तुकडा धुतला आणि उलटा केला. उलटा का केला, हे तिने ठरवलं नव्हतं. बावीस वर्षं हात हेच करत आले होते. निकलचा पापुद्रा सुटून हातात आला की आधी त्याची मागची बाजू बघायची. मागे लोखंडाचा कण चिकटून आला असेल तर थराने धरलं होतं, कुठेतरी ताण जास्त पडला. मागची बाजू स्वच्छ निघाली तर थराने कधी धरलंच नव्हतं, नुसता वर बसून होता. या तुकड्याची मागची बाजू धुतलेल्या काचेसारखी स्वच्छ होती. म्हणजे सिमेंटचा दोष नाही, तिच्या चावण्याचाही नाही. खालचं अंग तयार न करता वर थर चढवला होता. असा माल तिच्या हाताखालून गेला असता तर तिने तो परत पाठवला असता, असं मनात आलं आणि आपण आपल्याच दाताला मालासारखं तपासतोय याचं तिला जरा हसू आलं. ते हसूही तिने पदराआडच ठेवलं.

जीभ पुन्हापुन्हा त्या रिकाम्या जागेकडे जात होती. तिथला दात आता नखाच्या कडेसारखा पातळ होता. वरच्या चारही दातांची तीच गत. वरचं पांढरं कवच गेलेलं, आतला पिवळा थर उघडा, पाणी प्यायलं की कळ थेट डोळ्यापर्यंत जायची. गल्लीतल्या डॉक्टरने मागच्या खेपेला सांगितलं होतं, मावशी, आता हे चार काढून कवळी लावू, किती वेळा चिकटवायचं. दिपालीचंही तेच. तिची मुलगी हिंजवडीला एका कंपनीत बसून दिवसभर फोनवर लोकांच्या कॉम्प्युटरच्या तक्रारी ऐकायची, आणि घरी आली की आईची तक्रार एका वाक्यात मिटवायची, "आई, एकदाचे काढून टाक ना." तिचं चुकत नव्हतं. पण काढून टाकायचे म्हटलं की सुभद्राबाई विषय बदलायची. दुखण्याची भीती तिला कधी नव्हती. ॲसिडचा थेंब मनगटावर पडून कातडं जळलं तेव्हाही तिने हातातला जिग सोडला नव्हता. तीस ब्रॅकेट टांगलेली ती सळ्यांची चौकट आधी टाकीवर नीट अडकवली आणि मगच हात नळाखाली धरला. भीती दुसरीच होती. दात काढले की प्रश्न येणार, दात कशाने गेले, आणि त्याचं खरं उत्तर तिला द्यायचं नव्हतं.

तेवीस वर्षांपूर्वी भूम गावाहून ती नवऱ्याबरोबर इकडे आली तेव्हा तो भोसरीत माल चढवण्या-उतरवण्याचं काम करायचा. वर्षभरात काविळीने तो गेला. दिपाली चार वर्षांची होती. सासरच्यांनी गावी चल म्हटलं होतं, पण गावी जाऊन कोणाच्या दारात बसायचं, हा हिशेब तिने एका दुपारीच संपवला होता. तेव्हा या वर्कशॉपच्या मालकाची, अन्वरशेठची, फक्त तीन टाक्या असलेली पत्र्याची शेड होती. तो स्वतः टाकीवर उभा राहायचा. "ताई, काम वासाचं आहे, जमेल?" एवढंच त्याने विचारलं होतं. जमेल, ती म्हणाली होती. पहिल्या दिवशी ॲसिडच्या वाफेने डोळ्यांतून पाणी थांबेना. दुसऱ्या दिवशी थोडं कमी. महिन्याभरात तिला तो वास येईनासा झाला, आणि त्याऐवजी तिला दिसायला लागलं. ॲसिडात गंज सुटताना बुडबुडे आधी कसे मोठे येतात, मग बारीक होतात, आणि ते बारीक झाले की त्याच घटकेला माल बाहेर काढायचा असतो, हे तिला कोणी शिकवलं नाही. बुडबुड्यांकडे बघत ती दिवसभर टाकीवर वाकलेली असायची, आणि पलीकडच्या टाकीवरच्या बाईला ओरडून सांगायची, काढ, आता काढ. पंख्यांच्या आणि मोटरच्या आवाजात ओरडावंच लागायचं. तोंड उघडं, वाफ समोर. माल घेणाऱ्या चाकणच्या कंपनीचा इन्स्पेक्टर नंतर नंतर पेटी उघडायच्या आधी विचारायचा, हा लॉट कोणाच्या हातचा? सुभद्राबाईच्या हातचा म्हटलं की चार नग बघून सही करायचा. हे तिला कळलं त्या दिवशी ती चिखलीच्या चौकातून घरापर्यंत चालत गेली होती, रिक्षा न करता, कारण तिला रिक्षात बसून ते लवकर संपवायचं नव्हतं.

दात कधी झिजायला लागले, ते मात्र तिच्या या नजरेला दिसलं नाही. दिपालीच्या दहावीच्या फोटोत ती पहिल्यांदा ओठ मिटून उभी होती. कोणी विचारलं तर, "लहानपणी मिश्री लावायचे," असं ती सांगू लागली. तिने आयुष्यात मिश्रीला बोट लावलं नव्हतं. तिच्या आईने ते घरात येऊच दिलं नव्हतं. पण मिश्री म्हटलं की लोक मान हलवून गप्प बसायचे. ॲसिड म्हटलं असतं तर कोणीतरी पुढे विचारलं असतं, कुठलं वर्कशॉप, शेठ कोण. ज्याने दिपालीची पहिली शाळेची पिशवी आणून दिली, त्याचं नाव कुठल्या कागदावर यावं हे तिला नको होतं. आणि त्याहून आत एक गोष्ट होती, जी ती स्वतःशीही अर्धीच बोलायची. ज्या कामाने तिला सुभद्राबाई केलं, त्याच कामाने तिला खाल्लं, हे कबूल केलं तर मग त्या बावीस वर्षांचं काय करायचं?

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट संपवून ती पिंपरीच्या दातांच्या कॉलेजात गेली. तिसऱ्यांदा निघालेलं काम तिथल्याच एका विद्यार्थ्याने केलेलं होतं. कागदात गुंडाळलेला तुकडा तिने ब्लाउजच्या आतल्या पाकिटात ठेवला होता. या खेपेला खुर्चीशी एक वेगळीच मुलगी होती, उंच, डोक्याला घट्ट बांधलेला फिकट निळा स्कार्फ, हातात तिचा जुना केसपेपर.

"मी डॉक्टर आरफा. इथंच पुढचं शिक्षण घेते. मावशी, यात लिहिलंय मिश्री. किती वर्षं लावत होतात?"

"ल्हानपणापासून."

आरफाने आरसा तोंडात घातला आणि बराच वेळ काही बोलली नाही. वरचा ओठ बोटाने उचलला, सोडला, पुन्हा उचलला. दाढा एकेक करून बघितल्या. सुभद्राबाई छताकडे बघत पडून होती, आणि आपण जिग तपासताना असेच गप्प होतो, हे तिला जाणवत होतं. गप्प होणारं माणूस काहीतरी शोधत असतं.

"मावशी, तुमच्या दाढा एकदम चांगल्या आहेत," आरफा म्हणाली. "मिश्रीनं असं होत नाही. झिजलेत ते फक्त पुढचे, आणि तेही ओठाच्या बाजूनं. हे आतून नाही झालेलं, बाहेरून काहीतरी येऊन लागतंय. काम काय करता?"

"कंपनीत हाय."

"कसली कंपनी?"

सुभद्राबाईने मान बाजूला वळवली. वरचा दिवा डोळ्यांत येत होता. आरफाने तो बाजूला केला आणि स्टूल ओढून तिच्या पातळीला बसली. घाई केली नाही. "माझ्या अब्बूंचं कासारवाडीला गॅरेज आहे," ती म्हणाली. "बॅटरीचं काम करणारे त्यांचे एक मित्र होते. त्यांचे दात असेच होते. म्हणून विचारलं. कोणाला कळवायला नाही विचारत. मला कळलं नाही तर मी पुन्हा तेच चुकीचं काम करीन."

चुकीचं काम हा शब्द सुभद्राबाईला लागला. ती उठून बसली, पाकीट काढलं, कागद उलगडला. "प्लेटिंगला हाय मी. ॲसिडच्या टाकीवर," ती म्हणाली, आणि इतकी वर्षं दाबलेलं वाक्य किती छोटं आहे, याचं तिला आश्चर्य वाटलं. मग लगेच, त्या वाक्यावर कोणी काही बोलायच्या आत, तिने तुकडा पुढे केला. "हे बगा. हे उलटं करून बगा. मागं काय बी न्हाई. आमच्याकडं असा पापुद्रा निगाला तर आमी म्हणतो, खालचं अंगच तयार न्हवतं. ह्याच्या खाली तुमी लोकांनी काय लावलं होतं?"

"आधी ॲसिडची जेल लावतात," आरफा तुकडा दिव्याखाली धरत म्हणाली. "अर्धा मिनिट. मग धुवून चिकट द्रव, मग हे. ॲसिडनं दात खरबरीत होतो, मग द्रव आत शिरून धरतो. चांगल्या दातावर वर्षानुवर्षं टिकतं."

"चांगल्या दातावर," सुभद्राबाई म्हणाली. "पण ज्याचं ॲसिडानंच वाटोळं झालं, त्याला परत ॲसिड?"

आरफाने तुकडा हळूच ट्रेमध्ये ठेवला. नंतर पुष्कळ महिन्यांनी तिने सांगितलं की त्या वेळी तिच्या टेबलावर दीड वर्षाचे आकडे पडून होते. तिचा अभ्यासाचा विषयच हा होता, आंबटाने झिजलेल्या दाताला चिकट द्रव घट्ट कसा धरेल. काढून टाकलेले दात ती दिवसदिवस आंबट पाण्यात ठेवून झिजवायची, त्यांच्यावर सिमेंट बसवायची, काडीएवढे तुकडे कापायची आणि मशीनवर ओढून तोडायची. तिचे सर जयदीप यांनी सुचवलं म्हणून तिने ॲसिड अर्ध्या मिनिटाऐवजी पाऊण मिनिट लावून बघितलं होतं, मग एक मिनिट, आणि आकडे वर जाण्याऐवजी खाली येत होते. त्या दिवशी यातलं काही ती बोलली नाही. तिने दातावर तात्पुरता थर दिला आणि विचारलं, "मावशी, तुमच्याकडं असा माल आला तर तुम्ही काय करता?"

"दाखवावं लागंल. बोलून न्हाई कळायचं."

हे तोंडातून निघून गेलं आणि परतीच्या बसमध्ये सुभद्राबाई घाबरली. दाखवायचं म्हणजे वर्कशॉपमध्ये आणायचं. डॉक्टर येणार, टाक्या बघणार, वाफ बघणार. रात्री तिने दिपालीला अर्धंच सांगितलं. दिपाली म्हणाली, "शेठना काय सांगशील?" तेच तिला माहीत नव्हतं. चार दिवस ती अन्वरशेठच्या केबिनच्या दारापर्यंत जाऊन परत आली. केबिन म्हणजे लाकडी चौकटीत बसवलेली काच होती, आत एक टेबल, देवाच्या ठिकाणी मक्केचं चित्र आणि खाली कंपन्यांनी दिलेली प्रशस्तिपत्रं. पाचव्या दिवशी शेठनेच हाक मारली.

"सुभद्राताई, काही अडचण आहे का? दारातून जाताय-येताय."

तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मिश्रीचंही. तिचं बोलणं संपेपर्यंत अन्वरशेठ टेबलावरच्या काचेवर बोट फिरवत होता. साठी ओलांडलेला, मेंदीने लाल झालेली दाढी. तो रागावेल असं तिला वाटलं नव्हतं. तो दुखावला जाईल, याची भीती होती. तो उठला, केबिनचं दार लोटून घेतलं, आणि तिच्याकडे पाठ करून तोंडात हात घातला. वळला तेव्हा त्याच्या हातात चार दातांची गुलाबी पट्टी होती आणि वरचा ओठ आत गेला होता. चेहरा क्षणात दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता.

"माझे पंधरा वर्षांपूर्वीच गेले," तो म्हणाला. शब्द थोडे फसफसत होते. "मी लोकांना सांगतो, गाडीवरून पडलो." पट्टी पुन्हा बसवून त्याने घसा साफ केला. "डॉक्टरबाईंना बोलवा. माझ्या मुली असत्या टाकीवर, तर मी दहा वर्षं आधी ही वाफ ओढून घेणारं मशीन लावलं असतं. तुम्हा बायकांसाठी नाही लावलं. हे मला माहीत आहे. तुम्ही बोलला नाहीत म्हणून माझी चूक मिटत नाही."

सुभद्राबाईला त्याला काहीतरी बरं वाटेल असं म्हणायचं होतं. ती नेहमी म्हणायची. या वेळी तिने म्हटलं नाही. केबिनमध्ये दोघं उभे होते, पलीकडे मोटरचा आवाज चालू होता, आणि ते न म्हणणं तिला जड जात होतं. तरी ती बाहेर पडून सरळ आपल्या टाकीवर गेली. काम खोटं नव्हतं. वाफ खरी होती. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि आता त्यातलं काहीच तिला लपवायची गरज नव्हती.

आरफा एका रविवारी आली. सुभद्राबाईने आधीच तीन ब्रॅकेट बाजूला ठेवले होते. एक नीट बुडवलेला, राखाडी, स्वच्छ. दोन मुद्दाम टाकीत विसरलेले, ज्यांच्यावर नीट बघितलं तर काळसर छटा होती. तिने त्यातल्या एकावर बोट फिरवलं आणि बोट आरफापुढे धरलं. बोटावर काजळी आली होती.

"जास्त वेळ ॲसिडात राहिलं की लोखंड जातं आनि ही काजळी मागं ऱ्हाते," ती म्हणाली. "दिसायला सारखंच दिसतं. ह्याच्यावर निकल चढवलं तर निकल काजळीला धरतं, लोखंडाला न्हाई. मग पापुद्रा निगतो, मागून स्वच्छ. नवीन पोरी काय करत्यात, साफ न्हाई झालं म्हणून परत ॲसिडात घालत्यात. मग अजून काजळी."

"आणि तुम्ही?"

"मी ॲसिडाला हात बी लावत न्हाई. ओल्या पावडरीनं हलक्या हातानं घासायचं, लई न्हाई, नुसती काजळी निगंल इतकं. मग पुसून घ्यायचं. मग वाळायच्या आत थर." तिने दुसरा ब्रॅकेट घासला, धुतला आणि आरफाच्या हातात दिला. "आता लावा बोट."

आरफाच्या बोटावर काही आलं नाही. ती उकिडवी बसून तो ब्रॅकेट फिरवत राहिली. मग तिने हळूहळू, जणू स्वतःला समजावत, सांगितलं की दाताच्या आतल्या थरातही असंच असतं. तंतूंची एक जाळी असते आणि तिच्या भोकांत चुना भरलेला असतो. ॲसिड चुना नेतं आणि रिकामी जाळी मागे राहते, ओल्या कापसासारखी चपटी पडलेली. चिकट द्रव त्या कापसालाच धरतो, खालच्या घट्ट दातापर्यंत पोचत नाही. तिने हे वाचलेलं होतं. परदेशातल्या दोघातिघांनी ती जाळी काढून बघायचा प्रयत्नही केला होता. पण ॲसिडची पायरी सगळेच लावतात म्हणून तीही लावत आली होती. "मी काजळीवर चढवत होते," ती म्हणाली. सुभद्राबाईला हे सगळं समजलं नाही, पण शेवटचं वाक्य समजलं. आणि डॉक्टर झालेली एक मुलगी आपल्या टाकीशेजारी उकिडवी बसून आपलीच भाषा बोलतेय, हे बघून तिला वाटलं, दिपालीला आज बरोबर आणायला हवं होतं.

जयदीप सरांनी लगेच हो म्हटलं नाही. प्रयोगात नवा गट घालायचा तर सहा महिने वाढणार, असं त्यांचं म्हणणं. तेही वर्कशॉपमधल्या बाईच्या सांगण्यावरून, हे ते बोलले नाहीत, पण आरफाला ऐकू आलं. ती अडून राहिली. नव्या गटात ॲसिड नाही, झिजलेला दात ओल्या बारीक पावडरीने घासायचा, एका सौम्य द्रावणाने ती मोकळी जाळी पुसून घ्यायची, आणि मग चिकट द्रव नेहमीच्या दुप्पट वेळ चोळायचा. दिवाळीच्या आधी एका शनिवारी तिने सुभद्राबाईला फोन केला, "मावशी, या. तोडतेय."

मशीन टेबलावर मावेल एवढं होतं. दोन चिमट्यांत काडीसारखा तुकडा चिकटवलेला, मधोमध सिमेंट आणि दाताची सांध. आरफा बटण दाबायची, चिमटे दिसणार नाहीत इतके सावकाश लांब जायचे, पडद्यावरचा ताणाचा आकडा चढायचा आणि मग टक् असा बारीक आवाज. जुन्या गटातले तुकडे अकराला, बाराला तुटत होते, एक तर सातला. सुभद्राबाई प्रत्येक तुकडा तुटला की विचारायची, मागची बाजू दाखवा. स्वच्छ. स्वच्छ. मग आरफाने नव्या गटातला पहिला तुकडा लावला. आकडा बारापर्यंत आला आणि पुढे गेला. पंधरा. अठरा. सुभद्राबाईने टेबलाची कड धरली होती. तेविसाला टक् झालं. आरफाने तुटलेली टोकं भिंगाखाली धरली आणि तिला बघायला जागा करून दिली. सिमेंटच्या टोकाला दाताचा एक पिवळसर कण चिकटून आला होता. सुभद्राबाईने एक डोळा मिटून तो बघितला आणि तिला गलबलून आलं. इतका चांगला पापुद्रा तिने क्वचितच बघितला होता.

"धरलंय," ती म्हणाली.

सगळे तुकडे इतके चांगले नव्हते. दोन सोळालाच तुटले, आणि काही तुकडे पाण्यात सहा महिने ठेवून मगच तोडायचे होते, कारण ताजं सगळंच धरतं. तेही सुभद्राबाईला पटलं. तीही पहिल्या दिवशीच्या चकाकीवर विश्वास ठेवत नसे. माणसाच्या तोंडात हे करून बघायला कॉलेजच्या समितीची परवानगी आली ती जानेवारीत, आणि तिच्या चार दातांचं काम दोन बैठकांत झालं. आरफाचा हात घासताना हलका होता. तोंड उघडं ठेवून पडल्यापडल्या सुभद्राबाई त्या हाताचा दाब मोजत होती. एकदा तो जरा वाढला तेव्हा तिने हुंकार दिला आणि आरफाने दाब कमी केला. त्याच महिन्यात वर्कशॉपमध्ये टाक्यांच्या कडेला वाफ ओढून घेणारी नळी बसली आणि अन्वरशेठ दोन दिवस स्वतः टाकीवर वाकून वाफ कुठे जाते ते बघत उभा राहिला. दिपाली घरी आईसाठी भाकरी कुस्करून ठेवायची. फेब्रुवारीत एका संध्याकाळी सुभद्राबाईने ताट पुढे ओढून अख्खी भाकरी घेतली आणि पुढच्या दातांनी तोडली. दिपाली मोबाइल बाजूला ठेवून बघत राहिली, मग म्हणाली, "आई, तू शिकवलंस त्यांना?" सुभद्राबाई म्हणाली, "त्यांनीच केलं. मी नुसतं काय करायचं न्हाई ते सांगितलं." पण झोपताना तो प्रश्न तिने पुन्हा एकदा मनात ऐकला, दिपालीच्याच आवाजात, आणि कुशीवर वळली.

आरफाची शेवटची परीक्षा मे महिन्यात होती. तिने सुभद्राबाईला रुग्ण म्हणून बोलावलं. परीक्षक बाहेरच्या विद्यापीठातून आलेले, पांढरे केस, कोरडा आवाज. भिंतीशी जयदीप सर हात मागे बांधून उभे होते. सुभद्राबाई खुर्चीत आडवी, तोंडात आरसा, लाळ ओढणारी नळी ओठात, आणि तिच्या डोक्यावरून तिच्याच दातांबद्दल इंग्रजीत बोलणं चाललेलं. सगळं कळत नव्हतं, पण ॲसिड हा शब्द कळत होता. परीक्षकांनी टोकदार सुई घेऊन दात आणि सिमेंटची सांध शोधायला सुरुवात केली. सुई दातावरून खाली आली, वर गेली, पुन्हा खाली आली. कुठे अडली नाही. ते शेजारच्या दातावर गेले, तिथेही नाही. ते गप्प झाले. सुभद्राबाईला त्या गप्प होण्याचा अर्थ माहीत होता, आणि हलता येत नव्हतं, हसता येत नव्हतं, म्हणून तो अभिमान तिच्या पायांच्या बोटांपर्यंत जाऊन थांबला. तिने चपलेतली बोटं आवळली.

"नेहमीची ॲसिडची पायरी का गाळली?" परीक्षकांनी मराठीत विचारलं, बहुधा आरफा अडखळते का बघायला.

आरफाने जाळीचं, काजळीचं, आकड्यांचं सगळं सांगितलं. न अडखळता. मग म्हणाली, "सर, मूळ निरीक्षण माझं नाही. यांचं आहे. या प्लेटिंगमध्ये आहेत. प्रबंधात मी तसं लिहिलंय."

परीक्षकांनी जयदीप सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "खरं आहे. मीच आधी नको म्हणत होतो." परीक्षकांनी नळी आणि आरसा काढून घेतला, खुर्ची सरळ केली. सुभद्राबाई उठून बसली, ओठ रुमालाने टिपले.

"तुम्हाला कसं कळलं, बाई?" त्यांनी विचारलं. स्वरात थट्टा नव्हती. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं.

सुभद्राबाईने आजूबाजूला बघितलं. समजावून सांगायला हातात काहीतरी लागतं. खुर्चीच्या डाव्या हाताला चूळ थुंकायचं भांडं होतं आणि त्यावर वाकलेला एक छोटा चकचकीत नळ. मघापासून, तोंड उघडं ठेवून पडलेली असताना, तिचा डोळा त्याच्यावर जात होता. तिने नळाच्या मानेवर अंगठा ठेवला, जिथे तीळभर फुगवटा आला होता, आणि नखाने हलकेच उचललं. क्रोमचा पापुद्रा निघून तिच्या नखावर आला. खाली पितळ पिवळं उघडं पडलं.

"हे बगा सायेब," ती म्हणाली आणि तो पापुद्रा उलटा करून पुढे धरला. "मागं काय बी न्हाई. वरून चकाकी दिली, पर खाली तेलाचा हात तसाच ऱ्हायला होता. ज्यानं केलं त्याला घाई होती."

परीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वाकले. आरफा जवळ आली, जयदीप सर भिंत सोडून दोन पावलं पुढे आले, आणि पलीकडच्या खुर्चीवरचे दोन विद्यार्थी आपलं काम थांबवून उभे राहिले.

"मग हा नीट करायचा असेल तर?" परीक्षकांनी विचारलं.

"वरून काय बी लावून चालायचं न्हाई," सुभद्राबाई म्हणाली. तिने खुर्चीतून पाय खाली सोडले, नळाची मान बोटात धरली, सगळ्यांना दिसेल अशी दिव्याकडे वळवली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.